दानाचा वारसा : धाकटे जॉन रॉकफेलर यांचे जीवन

व्यापारी घराण्यांच्या खतावणीत ‘धर्मादाय’ नावाचे एक खाते पूर्वापार चालत आले आहे. त्या खात्यात किती रक्कम टाकावयाची आणि ती कोठे द्यावयाची, हे घरातील कर्ते पुरुष ठरवीत. मुलांना ते कळे ते पावती घरी आल्यावर, तेही कधी कधीच. पेढी, घर आणि दागदागिने यांचा वारसा मृत्युपत्राने देता येतो. परंतु दानबुद्धीचा वारसा कसा द्यावा? या प्रश्नाचा विचार करताना अमेरिकेतील जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांचे चरित्र मला फार उद्बोधक वाटते.

त्यांचे वडील थोरले जॉन रॉकफेलर हे स्टँडर्ड ऑइल कंपनीचे संस्थापक. वयाच्या सोळाव्या वर्षी, 26 सप्टेंबर 1855 रोजी, क्लीव्हलँड शहरातील एका अडतीच्या पेढीत ते साहाय्यक हिशोबनीस म्हणून लागले. तुटपुंज्या पगारातून काय खर्च झाले आणि धर्मकार्याला किती दिले, हे ते एका छोट्या वहीत नोंदवीत. ती वही त्यांनी आयुष्यभर जपून ठेवली. पुढे तेलाच्या व्यवसायात ते जगातील अत्यंत धनाढ्य गृहस्थ झाले, तरी हिशोबाची ही सवय सुटली नाही.

धाकट्या जॉन यांचा जन्म 29 जानेवारी 1874 रोजी झाला. बहिणींच्या पाठीवर झालेले ते एकुलते एक पुत्र. घरी अपार संपत्ती असूनही आठ वर्षांचे होईपर्यंत ते मोठ्या बहिणींचे वापरलेले कपडे घालीत. कापडाचा व्यापार करणाऱ्या माझ्यासारख्याच्या ही गोष्ट विशेष ध्यानात राहिली. मुलांना पैसे मिळत ते घरातील लहानसहान कामे केल्याबद्दल. प्रत्येकाची स्वतंत्र हिशोबवही असे आणि त्यात दानाचीही नोंद करावी लागे. याहून महत्त्वाची एक प्रथा त्या घरात होती. मदतीची याचना करणारी जी असंख्य पत्रे येत, त्यांची चर्चा न्याहारीच्या मेजावर होई आणि त्यांपैकी काही प्रकरणांची चौकशी मुलांवर सोपविली जाई. मागणारा कोण, गरज खरी की खोटी, पैसा कोणत्या कामी लागेल, हे मुलांनी पाहावयाचे. देणे हा केवळ भावनेचा नव्हे, तर विवेकाचाही विषय आहे, हा धडा त्यांना बालपणीच मिळाला.

1897 मध्ये पदवीधर होऊन धाकटे जॉन वडिलांच्या कचेरीत दाखल झाले. 1901 मध्ये वैद्यकीय संशोधन संस्था, त्यानंतर शिक्षण मंडळ आणि 1913 मध्ये रॉकफेलर फाउंडेशन, अशा संस्थांच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. 1910 मध्ये स्टँडर्ड ऑइलचे संचालकपद सोडून त्यांनी दानकार्य हेच आपले मुख्य कार्य मानले.

परंतु ज्या धनातून दान करावयाचे ते कसे मिळविले आहे, हा प्रश्न त्यांच्यासमोर फार कठोरपणे उभा राहिला. कोलोरॅडो राज्यातील ज्या कोळसा कंपनीत रॉकफेलर कुटुंबाचा मोठा हिस्सा होता, तिच्या खाणकामगारांनी संप केला होता. 20 एप्रिल 1914 रोजी लुडलो येथे त्यांच्या तंबूंच्या वसाहतीवर हल्ला होऊन आग लागली आणि तंबूखालच्या खड्ड्यात आश्रय घेतलेली 11 मुले व 2 स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. धाकट्या जॉन यांनी आरंभी व्यवस्थापकांचीच बाजू घेतली. देशभर कठोर टीका झाली आणि ती योग्यच होती. 1915 मध्ये ते स्वतः कोलोरॅडोला गेले, खाणीत उतरले, कामगारांच्या घरी गेले आणि कामगार-प्रतिनिधींची योजना त्यांनी अमलात आणली. गेलेले जीव परत आले नाहीत. दानाच्या पावतीने अर्जनातील दोष झाकता येत नाही, हे सत्य या प्रसंगातून आपणही घ्यावे असे आहे.

त्यांना एक कन्या व पाच पुत्र अशी सहा अपत्ये. वडिलांची पद्धत त्यांनी पुढे चालविली. थोरला मुलगा चौदा वर्षांचा असताना, 1920 मध्ये, पितापुत्रांत एक लेखी करारच झाला. आठवड्याला दीड डॉलर हातखर्च. हिशोब चोख ठेवल्यास दहा सेंटची वाढ, चुकल्यास तेवढीच कपात. किमान वीस टक्के दानासाठी, किमान वीस टक्के शिल्लक, आणि प्रत्येक खर्चाची स्पष्ट नोंद. मात्र शिस्तीलाही मर्यादा असते. थोरल्या कन्येने हिशोबवही ठेवण्यास साफ नकार दिला. सक्तीने वही भरून घेता येते. मन भरून घेता येत नाही.

मुले मोठी झाल्यावर पित्याने त्यांच्या हाती निर्णयही दिला, आणि यातच त्यांचे मोठेपण आहे. 1940 मध्ये पाचही भावांनी मिळून स्वतःचा निधी स्थापन केला. पुढे पित्याने त्यात सुमारे 5 कोटी 80 लाख डॉलर घातले, पण कारभार मुलांकडेच राहिला. 1946 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाला कायम जागा हवी होती. तेव्हा पुत्रांनी कुटुंबाच्या वाडीतील आपापल्या वाट्याची जमीन सोडण्याची तयारी दाखविली. ती जागा शहरापासून दूर ठरल्याने वडिलांनी न्यूयॉर्कमधील जमिनीसाठी 85 लाख डॉलर दिले. आजही राष्ट्रसंघाचे मुख्यालय तेथेच उभे आहे.

या दानाचा ओघ आपल्यापर्यंतही पोहोचला. पुण्यातील विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, 1952 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने सुरू झाली. पाच भावांच्या निधीतून 1957 मध्ये मॅगसेसे पुरस्काराची स्थापना झाली आणि 1958 मध्ये पहिल्याच वर्षी तो आचार्य विनोबा भावे यांना मिळाला.

11 मे 1960 रोजी धाकट्या जॉन यांचे निधन झाले. त्यांनी हयातीत 50 कोटी डॉलरहून अधिक दान केले. 2014 मध्ये त्यांच्या मुलांनी स्थापिलेल्या निधीने कोळसा व खनिज तेल यांच्या व्यवसायातील आपली गुंतवणूक काढून घेण्याचे जाहीर केले. ज्या तेलातून घराणे उभे राहिले, त्याबद्दलच पुढच्या पिढ्यांनी असा निर्णय घेतला. कारण प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सोपविला गेला होता.

आपल्यापैकी कोणाकडे रॉकफेलरांची संपत्ती नाही. तरीही वर्षाकाठी अकराशे रुपये देणाऱ्या घरालाही हे अनुकरण शक्य आहे. यंदा कोणाला द्यावयाचे, हे ठरविताना मुला-नातवंडांना जवळ बसवावे. एखाद्या पाठशाळेची, रुग्णालयाची वा पांजरपोळाची गरज त्यांना स्वतः पाहून येऊ द्यावी आणि त्यांचे मत आपल्या मताहून वेगळे पडले, तरी निदान थोड्या रकमेपुरते ते मान्य करावे. संस्थेचा सुवर्णमहोत्सव देणाऱ्या एका पिढीच्या बळावर साजरा होतो. शताब्दीसाठी मात्र दुसरी पिढी लागते, आणि ती आज आपल्याच घरात वाढत आहे.