वॉल्टर ओवेन बेंटली

वॉल्टर ओवेन बेंटली (१६ सप्टेंबर, १८८८ – १३ ऑगस्ट, १९७१) हे इंग्लिश अभियंते, इंजिन-रचनाकार आणि बेंटली मोटर्स या मोटार कंपनीचे संस्थापक होते. ते डब्ल्यू. ओ. या आद्याक्षरांनी ओळखले जात. इंजिनाची शक्ती वाढविण्यासाठी त्यात दाबाने हवा भरण्यापेक्षा इंजिनाचे घनफळ वाढवावे, असे त्यांचे मत होते. सिलिंडराचा आतील व्यास, दट्ट्याची धाव आणि सिलिंडरांची संख्या यांवरून हे घनफळ ठरते व ते घन सेंटिमीटरमध्ये, म्हणजे सीसीमध्ये, मोजतात.

प्रारंभिक जीवन

बेंटली यांचा जन्म लंडनमधील हॅम्पस्टेड येथे झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात शिक्षण घेतल्यावर वयाच्या सोळाव्या वर्षी ते डॉनकास्टर येथील ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारीला लागले. वाफेच्या इंजिनांवरील या कामाने त्यांच्या यांत्रिकी ज्ञानाचा पाया घातला. १९१२ मध्ये त्यांनी बंधू होरेस यांच्यासह डीएफपी या फ्रेंच मोटारींच्या विक्रीचा व्यवसाय सुरू केला.

डीएफपीचे इंजिन २ लिटरचे होते. त्याचे घनफळ कायम ठेवून बेंटली यांनी बिडाच्या दट्ट्यांऐवजी ॲल्युमिनियम व तांबे यांच्या मिश्रधातूचे दट्टे बसविले. हे दट्टे हलके असल्याने इंजिन अधिक वेगाने फिरू शकले आणि ते उष्णता लवकर वाहून नेत असल्याने इंजिनातील संपीडन वाढविता आले. पहिल्या महायुद्धात रॉयल नेव्हल एअर सर्व्हिसमध्ये असताना त्यांनी हेच ज्ञान विमानांसाठी वापरले. त्यांनी रचलेले बीआर-१ हे चक्राकार फिरणारे इंजिन सॉपविथ कॅमल विमानात वापरले गेले. त्यानंतरचे बीआर-२ हे अधिक मोठे इंजिन सॉपविथ स्नाइप विमानासाठी होते.

बेंटली मोटर्स

१९१९ मध्ये बेंटली मोटर्सची स्थापना झाली. कंपनीच्या पहिल्या ३ लिटर मोटारीचे चार सिलिंडरांचे इंजिन २,९९६ सीसीचे होते. त्याचा व्यास ८० मिमी आणि धाव १४९ मिमी होती. तत्कालीन ब्रिटिश करपद्धतीत अश्वशक्तीची आकारणी केवळ सिलिंडरांचा व्यास व संख्या यांवरून होत असे, धाव हिशेबात धरली जात नसे. त्यामुळे अरुंद व्यास आणि लांब धाव ही रचना ब्रिटिश इंजिनांत रूढ होती. या मोटारीने १९२४ आणि १९२७ साली फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत जिंकली.

कंपनी केवळ सांगाडा व यंत्रभाग विकत असे. त्यावरील बांधणी ग्राहक आपल्या पसंतीच्या कारागिरांकडून करून घेत. अनेक ग्राहक त्यावर बंदिस्त व जड बांधणी बसवीत आणि ती ओढण्यास ३ लिटरचे इंजिन अपुरे पडे. म्हणून बेंटली यांनी ८० मिमी व्यासाचे, सुमारे सव्वाचार लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन तयार केले. १९२४ मध्ये फ्रान्समध्ये या मोटारीची चाचणी चालू असताना रोल्स-रॉइसच्या चाचणी मोटारीशी तिची गाठ पडली. रस्त्यावर दोन्ही मोटारींचा वेग जवळपास सारखाच ठरला. बरोबरी पुरेशी नाही, असे ठरवून बेंटली यांनी सिलिंडराचा व्यास १०० मिमी केला. १४० मिमी धावेमुळे घनफळ ६,५९७ सीसी झाले. कर वाढला, पण कमी फेऱ्यांवरही जड मोटार सहज ओढणारे इंजिन मिळाले. याच मापांच्या चार सिलिंडरांपासून १९२७ मध्ये ४,३९८ सीसीचे साडेचार लिटर इंजिन तयार झाले. त्या मोटारीने १९२८ ची ल मां शर्यत जिंकली.

घनफळ की सुपरचार्जर

शर्यतपटू टिम बर्किन यांना साडेचार लिटर इंजिनाची शक्ती सुपरचार्जरने वाढवायची होती. सुपरचार्जर हे सिलिंडरांत दाबाने हवा भरणारे यंत्र होय. त्यामुळे इंजिनाच्या रचनेचा समतोल बिघडेल, असे बेंटली यांचे मत होते. मात्र १९२६ पासून कंपनीची आर्थिक सूत्रे भांडवलदार वूल्फ बार्नेटो यांच्या हाती होती व त्यांनी बर्किन यांना मान्यता दिली. डोरोथी पॅजेट यांच्या अर्थसाहाय्याने ‘ब्लोअर’ मोटारी तयार झाल्या. त्यांची शक्ती सुमारे ११० वरून १७५ अश्वशक्तीवर गेली. ६,५९७ सीसीच्या ‘स्पीड सिक्स’ने सुपरचार्जरशिवाय सुमारे १८० अश्वशक्ती गाठली होती.

स्पीड सिक्सने १९२९ आणि १९३० च्या ल मां शर्यती जिंकल्या. १९३० मध्ये तिने पहिले दोन्ही क्रमांक मिळविले, तर दोन्ही ब्लोअर मोटारी शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत. त्याच वर्षी पो येथील फ्रेंच ग्रांप्रीत मात्र बर्किन यांनी ब्लोअर चालवून दुसरा क्रमांक पटकावला.

कंपनीचा शेवट

१९३० मध्ये व्यास ११० मिमी करून ७,९८३ सीसीची ८ लिटर मोटार बाजारात आली. तोपर्यंत जागतिक महामंदी सुरू झाली होती आणि अशा महागड्या मोटारीचे ग्राहक घटले होते. तिचे केवळ १०० सांगाडे तयार झाले. खर्च कमी करण्यासाठी आणलेली ३,९१५ सीसीची ४ लिटर मोटारही कंपनीला वाचवू शकली नाही. जुलै १९३१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि रोल्स-रॉइसने ती विकत घेतली. बेंटली हे नावही नव्या मालकांकडे गेले. डब्ल्यू. ओ. यांनी १९३५ पर्यंत तेथे नोकरी केली, परंतु त्या काळातील बेंटली मोटारींची इंजिने त्यांची नव्हती.

उत्तरकाल

१९३५ मध्ये बेंटली लगोंडा कंपनीत गेले. तेथे त्यांच्या देखरेखीखाली ४,४८० सीसीचे व्ही-१२ इंजिन तयार झाले. या इंजिनाच्या मोटारींनी १९३९ च्या ल मां शर्यतीत तिसरा व चौथा क्रमांक मिळविला. दुसऱ्या महायुद्धानंतरचे त्यांचे इंजिन केवळ २,५८० सीसीचे होते. १९४७ मध्ये डेव्हिड ब्राउन यांनी ॲस्टन मार्टिन व लगोंडा या कंपन्या घेतल्यावर हे इंजिन ॲस्टन मार्टिन डीबी-२ मोटारीत बसविण्यात आले. पुढे त्याचा व्यास ७८ वरून ८३ मिमी करून घनफळ २,९२२ सीसीपर्यंत नेण्यात आले.

बेंटली यांचे तीन विवाह झाले. त्यांना अपत्य नव्हते. १९७१ मध्ये इंग्लंडमधील सरे परगण्यात त्यांचे निधन झाले.