काळ्या कातळाचा अभ्यासक : स्टीफन हिस्लॉप

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील हिस्लॉप कॉलेज विदर्भात कोणाला ठाऊक नाही? प्रवेशाच्या याद्यांपासून स्नेहसंमेलनांपर्यंत हे नाव पिढ्यान् पिढ्या घेतले जाते. मात्र, ज्यांच्या स्मृत्यर्थ १८८३ मध्ये हे महाविद्यालय सुरू झाले ते स्टीफन हिस्लॉप नागपूर-वर्धा परिसराच्या भूशास्त्रीय अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक होते, ही गोष्ट तेथे शिकलेल्यांपैकीही थोड्यांनाच माहीत असते.

स्कॉटलंडमधील डन्स या गावी ८ सप्टेंबर १८१७ रोजी हिस्लॉप यांचा जन्म झाला. फ्री चर्चचे मिशनरी म्हणून ते १८४४ च्या अखेरीस मुंबईत उतरले आणि पुढच्या वर्षी नागपुरास पोहोचले. तेथे तेव्हा भोसल्यांचे राज्य होते. वर्धा जिल्हा तर अस्तित्वातच नव्हता. तो १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. हिस्लॉप आले होते धर्मप्रसारासाठी. १८४६ मध्ये त्यांनी नागपुरात शाळा काढली. हिवाळ्यात गावोगाव मुक्काम करीत त्यांचे दौरे चालत आणि या दौऱ्यांतच प्रवचनाच्या जोडीला खडकांचे निरीक्षण सुरू झाले.

या भागातील दगडांकडे विद्वानांचे लक्ष त्यापूर्वीही गेले होते. माल्कमसन यांनी १८३० च्या दशकात हिंगणघाट परिसरातील जीवाश्मांची नोंद लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडली होती. हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी हा धागा नेटाने पुढे नेला. नागपूरलगतच्या टाकळी येथे काळ्या कातळाच्या थरांमध्ये दबलेल्या मातकट पट्ट्यात त्यांना गोगलगायींचे शंख, बिया, फळे आणि कीटकांचे अवशेष मिळाले. दोघांचा विस्तृत निबंध १८५५ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला.

या शंखांचे मोल काय, असा प्रश्न सामान्य वाचकास पडेल. आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत कपाशीला पोसणारी काळी माती ज्या कातळाची झीज होऊन बनली, तो ज्वालामुखीच्या लाव्हाचा आहे. लाव्हाचा एक लोट थिजला की मधल्या शांत काळात त्यावर तळी साचत, चिखल जमे, गोगलगायी नांदत. पुढचा लोट आला की सारे झाकले जाई. हे शंख गोड्या पाण्यातील प्राण्यांचे होते. म्हणजे हा लाव्हा समुद्रतळाशी नव्हे, तर जमिनीवर पसरला होता. हिस्लॉप यांचा एक तर्क मात्र चुकला. शंखांच्या थराखालचा कातळ नंतर खालून घुसला असावा, असे त्यांचे मत होते. पुढे सर्वेक्षण खात्याच्या भूशास्त्रज्ञांनी ते खोडून काढले. थरांचे वयही त्यांनी प्रत्यक्षापेक्षा कमी धरले होते. आज ते सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे मानले जाते. तरीही मतभेदासाठी लागणारा पुरावा त्यांनीच गोळा करून ठेवला होता, हे विसरता येत नाही.

नागपूरहून चांद्याकडे जाणारी वाट आजच्या समुद्रपूर तालुक्यातील जामवरून जाते. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ६० मैलांवरील मांगली येथे हिस्लॉप यांना एका प्राचीन उभयचराची कवटी मिळाली. रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचे वर्णन करून त्या प्राण्यास ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले. कामठी परिसरातील वालुकाश्मात सापडलेल्या ग्लॉसोप्टेरिस आदी वनस्पतींचा अभ्यास चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केला. एका खनिजाला तर हिस्लोपाइट हेच नाव मिळाले. गंमत अशी, की यातील महत्त्वाचे नमुने लंडनच्या संग्रहालयात पोहोचले. ज्या मातीतून ते निघाले तेथील विद्यार्थ्याला ते चित्रातच पाहावे लागतात.

लोकांनाही दगडांचे कुतूहल नव्हते असे नाही. समुद्रपूर तालुक्यातीलच गिरडच्या टेकडीवर गोलसर खडे विखुरलेले आहेत. ख्वाजा शेख फरीद यांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्याचा माल दगड झाला, अशी त्यांची कथा सांगितली जाते. भूशास्त्र त्यांना झिओलाइटचे गोळे म्हणते. कुतूहल तेच, उत्तरे दोन.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना १८५१ ची. पण खात्याचा पहिला ओढा कोळशाकडे होता. नागपूर परिसरावरील ब्लॅनफर्ड यांचा ग्रंथ १८७२ मध्ये, तर वर्धा खोऱ्यातील कोळशावरील ह्यूज यांचा ग्रंथ १८७७ मध्ये आला. हिस्लॉप यांच्यामागे ना खाते होते, ना अनुदान. आज नागपुरात भारतीय सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचे मुख्यालय आहे आणि राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयही आहे.

दगडांइतकाच त्यांना माणसांचा ध्यास होता. गोंडांची भाषा, चालीरीती आणि लिंगोची गाथा त्यांनी टिपून ठेवली. ते लेखन पुस्तकरूपाने पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते.

४ सप्टेंबर १८६३ रोजी मध्य प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत ते बोरीजवळच्या टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहण्यास गेले. (हे टाकळघाट नागपूरलगतच्या टाकळीहून वेगळे, ते नागपूर-वर्धा मार्गाजवळ आहे.) टेंपल पुढे निघाले. हिस्लॉप गावातील शाळा तपासण्यासाठी मागे थांबले आणि सायंकाळी घोड्यावरून एकटेच परतू लागले. दिवस पावसाचे होते. वाटेतील नाल्याला पूर आला होता. छावणीत घोडा परतला, स्वार परतला नाही. शोधाअंती मृतदेह सापडला. सेहेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते.

त्यांच्या गोंडविषयक टिपणांचे संपादन टेंपल यांनी केले आणि १८६६ मध्ये ती प्रसिद्ध केली. टाकळघाट-खापा येथील स्थळांचे पद्धतशीर उत्खनन व्हायला मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली. डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठाने ते १९६८-६९ मध्ये केले. त्यात निघालेल्या वस्तूंत लोखंडी अवजारे होती आणि घोड्याच्या साजाचे भागही होते.