सरळ कामाची वाकडी यंत्रे

मुलांनो, एक गंमत करून पाहा. उजवा हात डोक्याच्या मागून फिरवून आणा आणि नाक धरा. नाक तर समोरच आहे! सरळ हात नेला तर ते क्षणात धरता येते. मग एवढी कसरत कशाला? सोप्या कामासाठी उगाच केलेल्या अशा खटाटोपाला मराठीत 'द्राविडी प्राणायाम' म्हणतात. इंग्रजी भाषेत मात्र अशा वेळी एका माणसाचे नाव घेतात. दोऱ्या बांधून, ठिगळे लावून कसेबसे चालवलेले एखादे यंत्र दिसले, की लोक त्याला 'हीथ रॉबिन्सन' म्हणतात. हे नाव इंग्रजी शब्दकोशातही आहे. तुम्हाला वाटेल, हे कोणी मोठे कारागीर असतील. नाही, ते चित्रकार होते. त्यांनी यंत्रे बनवली ती कागदावर!

विल्यम हीथ रॉबिन्सन यांचा जन्म ३१ मे १८७२ रोजी उत्तर लंडनमध्ये झाला. त्या काळी वर्तमानपत्रांत आजच्यासारखे फोटो नसत. बातमीबरोबर हाताने काढलेले चित्र छापले जाई. विल्यमचे वडील अशी चित्रे काढत. टॉमस आणि चार्ल्स हे त्याचे मोठे भाऊही पुढे चित्रकार झाले. अशा घरात वाढलेल्या विल्यमच्या हाती लहानपणीच पेन्सिल आली, यात नवल ते काय? पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या शाळेत त्याने चित्रकलेचे शिक्षण घेतले.

निसर्गचित्रे काढावीत, झाडे, टेकड्या आणि आकाश रंगवावे, ही त्याची मनापासूनची इच्छा होती. पण निसर्गचित्रांवर पोट भरेना. म्हणून रॉबिन्सन पुस्तकांसाठी चित्रे काढू लागले. 'अलिफ लैला'च्या गोष्टी तुम्ही घरी ऐकल्या असतील. या गोष्टींचे एक सचित्र इंग्रजी पुस्तक १८९९ मध्ये निघाले. त्यासाठी चित्रे काढणाऱ्यांमध्ये रॉबिन्सनही होते. १९०२ मध्ये त्यांनी मुलांसाठी स्वतः एक गोष्ट लिहिली आणि तिची चित्रेही काढली. या गोष्टीतले ल्युबिनकाका हरवलेल्या लहान पुतण्याला शोधायला निघतात. त्यासाठी ते स्वतःच विमान आणि पाणबुडी बनवतात. पुढे येणाऱ्या गमतीदार यंत्रांचे बी येथेच पडले होते.

१९०३ मध्ये रॉबिन्सन यांचे लग्न झाले. संसार सुरू झाला आणि लगेच संकट आले. एका मोठ्या पुस्तकासाठी त्यांनी खूप मेहनत घेऊन पुष्कळ चित्रे काढली होती. पुस्तक १९०४ मध्ये निघाले, पण प्रकाशकाचे दिवाळे वाजले. मेहनतीचे पैसे बुडाले. घर कसे चालवायचे? हताश होऊन बसणे त्यांना परवडणारे नव्हते. त्यांनी साप्ताहिकांसाठी विनोदी चित्रे काढायला सुरुवात केली.

या चित्रांनी लोकांना वेड लावले. काय असे त्यांत? रात्री ओरडणाऱ्या मांजरांवर पाणी फेकणारे यंत्र! डोक्यावरची एक चामखीळ काढण्यासाठी बनवलेली अजब खुर्ची! रेल्वे स्टेशनवरचे शिळे पाव पुन्हा खाण्याजोगे करणारा कारखाना! ही यंत्रे कशी चालत? कोठे मेणबत्तीवर किटली उकळत असे, कोठे वाफेवर चाक फिरे. कप्प्यांवरून दोऱ्या जात आणि त्या दोऱ्यांना जागोजागी गाठी मारलेल्या असत. जणू नवी दोरी आणायला कोणाकडे पैसेच नव्हते!

आता खरी गंमत ऐका. या चित्रांतील माणसे कधी हसत नाहीत. टक्कल पडलेले, चष्मा लावलेले ते गृहस्थ मोठ्या गंभीरपणे दोरी ओढत असतात. आपण जगातले फार मोठे काम करत आहोत, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर असतो. रॉबिन्सनही तितक्याच गंभीरपणे चित्र काढत. प्रत्येक चाक, प्रत्येक गाठ ते नीट दाखवत. म्हणून पाहणाऱ्याला क्षणभर वाटे, हे यंत्र खरेच चालेल! थट्टा आहे म्हणून त्यांनी कामात कधी हयगय केली नाही.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. रॉबिन्सन यांनी युद्धातील यंत्रांचीही थट्टा केली. त्यांच्या चित्रांत शत्रूचे सैनिक क्रूर राक्षस नसत, विचित्र यंत्रांशी झटणारी वेडपट माणसे असत. आघाडीवरील सैनिकांना ही चित्रे फार आवडली. मृत्यू समोर असताना घटकाभर हसायला मिळणे ही काही लहान गोष्ट नव्हे. पुढे १९३४ मध्ये लंडनच्या एका प्रदर्शनात त्यांच्या कल्पनेतले घरच उभारण्यात आले. त्यात घरातली रोजची कामे अशाच यंत्रांनी होताना दाखवली होती.

दुसऱ्या महायुद्धात तर एक विलक्षण गोष्ट घडली. जर्मन सैन्याचे सांकेतिक संदेश उलगडण्यासाठी इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे १९४३ मध्ये एक यंत्र तयार झाले. त्यात कागदाच्या दोन लांब पट्ट्या चाकांवरून भरधाव धावत. कधी कधी त्या फाटतही. ते रूप पाहून तेथे काम करणाऱ्या तरुणींनी यंत्राचे नावच 'हीथ रॉबिन्सन' ठेवले. याच कामासाठी नंतर 'कोलोसस' हे इलेक्ट्रॉनिक यंत्र बनले. आजच्या संगणकांच्या पूर्वजांमध्ये त्याची गणना होते.

हे सारे काम अत्यंत गुप्त होते. त्याची माहिती जगाला १९७०च्या दशकात मिळाली. रॉबिन्सन मात्र १३ सप्टेंबर १९४४ रोजीच वारले होते. ज्यांनी जन्मभर खोटी यंत्रे काढली, त्यांचे नाव एका खऱ्या यंत्राला मिळाले, आणि तेही देशाच्या संकटकाळात!

लंडनमधील पिनर या भागात रॉबिन्सन काही वर्षे राहत होते. तेथे २०१६ मध्ये त्यांच्या चित्रांचे संग्रहालय उघडले. त्यात त्यांची निसर्गचित्रेही जपून ठेवली आहेत. टेकड्या आणि आकाश रंगवण्याची आवड त्यांनी शेवटपर्यंत सोडली नव्हती.

मुलांनो, मनासारखे काम प्रत्येकाला मिळतेच असे नाही. रॉबिन्सन यांनाही ते मिळाले नाही. पण जे काम वाट्याला आले, ते त्यांनी असे केले की त्यांचे नावच भाषेतला एक शब्द होऊन बसले.