अ‍ॅमेडिओ अ‍ॅव्होगॅड्रो : मोलच्या गणितामागचा वकील



नववीचा ‘द्रव्याचे मोजमाप’ हा पाठ सुरू झाला की अ‍ॅव्होगॅड्रो अंक फळ्यावर येतोच. ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. मुलं तो घोकून टाकतात. गंमत अशी की ज्याच्या नावाने हा अंक ओळखला जातो त्या माणसाने तो कधीच मोजला नाही, त्याला तो माहीतही नव्हता. मग नाव त्याचंच का? हे समजलं की मोलची गणितंही थोडी सोपी होतात, म्हणून आज त्याचं चरित्र.

अ‍ॅमेडिओ अ‍ॅव्होगॅड्रोचा जन्म ९ ऑगस्ट १७७६ रोजी इटलीच्या उत्तरेकडील तुरिन शहरात झाला. इटली हा एक देश तेव्हा नव्हता. तुरिन ही सार्डिनियाच्या राज्याची राजधानी होती. घराणं सरदारांचं आणि कायद्याची परंपरा असलेलं. वडील न्यायखात्यात मोठ्या पदावर. मुलानेही कायदाच शिकला आणि १७९६ मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी, तो धर्मविषयक कायद्याचा डॉक्टर झाला. काही वर्षं वकिलीही केली. पण १८०० च्या सुमारास त्याचं मन गणित आणि भौतिकशास्त्राकडे वळलं, आणि १८०९ मध्ये तो व्हर्चेली या लहानशा गावातल्या महाविद्यालयात शिक्षक झाला. म्हणजे पेशाने वकील, पुढे आपल्यासारखाच मास्तर.

आता त्या वेळचा पेच बघा. इंग्लंडमध्ये डाल्टनने अणुसिद्धांत मांडला होता. त्याच्या मते पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. का? तर साधं म्हणून! दुसरीकडे, फ्रान्समध्ये गे-ल्युसॅकने १८०८ मध्ये दाखवून दिलं की वायू एकमेकांशी साध्या प्रमाणात संयोग पावतात. दोन आकारमान हायड्रोजन आणि एक आकारमान ऑक्सिजन घेतला की दोन आकारमान पाण्याची वाफ मिळते. डाल्टनला हे पटेना. एका ऑक्सिजनपासून वाफेचे दोन कण व्हायचे तर ऑक्सिजनचा अणू अर्धा कापावा लागेल, आणि अणू तर अविभाज्य!

व्हर्चेलीच्या या मास्तराने १८११ मध्ये पॅरिसच्या एका नियतकालिकात फ्रेंचमध्ये लेख लिहिला आणि दोघांचंही म्हणणं खरं ठरवलं. एक, समान तापमान आणि समान दाब असताना सर्व वायूंच्या समान आकारमानात कणांची संख्या समान असते. दोन, ऑक्सिजन किंवा हायड्रोजन वायूचा हा कण म्हणजे एकटा अणू नसून जोडी असते. कापली जाते ती जोडी, अणू नव्हे. आपण आज अणू आणि रेणू असे दोन शब्द सहज वापरतो. ही फोड त्याची. (तो ‘अणू’ हा शब्द वापरत नसे, दोन्हीला रेणूच म्हणे, फक्त मागे वेगवेगळी विशेषणं लावी. वाचणाऱ्यांचा गोंधळ उडाला तर नवल नाही.)

वर्गातलं गणित इथेच येतं. ४ ग्रॅम हायड्रोजन पूर्ण जळायला किती ऑक्सिजन लागेल? हायड्रोजनचं रेणुवस्तुमान २, म्हणून ४ ग्रॅम म्हणजे २ मोल. समीकरण सांगतं की २ मोल हायड्रोजनला १ मोल ऑक्सिजन लागतो, म्हणजे ३२ ग्रॅम. पाणी बनतं २ मोल, ३६ ग्रॅम. अनेक मुलं हायड्रोजनचा अणुवस्तुमानांक १ घेऊन ४ मोल लिहितात. त्यांना रागावण्याआधी आठवावं की ही नेमकी डाल्टनची अडचण आहे: जोडी विसरली! आणखी एक गोष्ट मुलांना जरूर दाखवा. डाल्टनप्रमाणे पाण्यात एक-एक अणू धरून ऑक्सिजनचं वस्तुमान ८ घेतलं, तरी ४ ग्रॅमला ३२ ग्रॅमच येतात. वजनांवरून चूक पकडलीच जात नाही. ती पकडली जाते आकारमानावरून. अ‍ॅव्होगॅड्रोने वायूंच्या घनतेवरून ऑक्सिजन हायड्रोजनच्या सुमारे १५ पट जड ठरवला. आज आपण १६ म्हणतो.

एवढं सगळं असून लेखाकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. त्या काळचा मोठा रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याच्या मते अणू विरुद्ध विद्युतप्रभारामुळे जोडले जातात. मग दोन सारखे अणू एकत्र राहतील कसे? फ्रान्सच्या अँपिअरने १८१४ मध्ये जवळपास तोच विचार मांडला, तोही मागे पडला. शिवाय अ‍ॅव्होगॅड्रो प्रयोगांपेक्षा तर्कावर चालणारा, आणि पॅरिस-लंडनपासून दूर. माझ्या मते हे दूर असणं सगळ्यात जास्त नडलं.

१८२० मध्ये तुरिन विद्यापीठात त्याला गणिती भौतिकशास्त्राचं नवं अध्यासन मिळालं. पण १८२१ च्या राजकीय उठावानंतर दोनेक वर्षांत ते काढून घेण्यात आलं. जाहीर कारण काय, तर शिकवण्याच्या ओझ्यातून त्याला विश्रांती मिळावी! ही ‘विश्रांती’ १८३४ पर्यंत चालली. मग अध्यासन परत मिळालं आणि १८५० पर्यंत तो शिकवत राहिला. घरी पत्नी फेलिचिता आणि सहा मुलं. ९ जुलै १८५६ रोजी तो वारला, तेव्हा ऐंशी पूर्ण व्हायला महिना बाकी होता. त्याचा नियम अजून बाजूलाच पडलेला होता.

आणि रसायनशास्त्राची अवस्था? ज्याला त्याला वेगळी अणुवस्तुमानं. केकुलेने १८६१ च्या आपल्या पुस्तकात एकट्या अ‍ॅसिटिक आम्लाची वापरातली १९ सूत्रं दिली होती. सूत्रच पक्कं नाही तर समीकरण कशाचं संतुलित करणार आणि मोल कसले मोजणार? हा घोळ मिटवण्यासाठी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरूह इथे सुमारे १४० रसायनशास्त्रज्ञ जमले. सिसिलीच्या कॅनिझारोने तिथे अ‍ॅव्होगॅड्रोची बाजू मांडली आणि त्याची छोटी पुस्तिका शेवटी वाटण्यात आली. लोथर मायरने ती वाचली आणि त्याला पटली. श्रोत्यांत तरुण मेंडेलीव्हही होता. नऊ वर्षांनी त्याने जी आवर्तसारणी दिली ती याच सुधारलेल्या अणुवस्तुमानांवर उभी आहे.

तो अंक यानंतरचा. १८६५ मध्ये लोश्मिटने हवेच्या रेणूंचा आकार काढला, त्यावरून संख्येचा अंदाज बांधता येऊ लागला. पुढे फ्रान्सच्या पेरँने पाण्यात हलणाऱ्या बारीक कणांवरून तो मोजला आणि १९०९ मध्ये त्याला अ‍ॅव्होगॅड्रोचं नाव सुचवलं. १९७१ मध्ये मोल हे एसआय पद्धतीचं मूलभूत एकक झालं, तेव्हा ते १२ ग्रॅम कार्बन-१२ शी बांधलेलं होतं. २० मे २०१९ पासून मात्र एक मोल म्हणजे बरोबर ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण, कमी नाही की जास्त नाही.