जाईबाई चौधरी : ओझ्याकडून अक्षरांकडे
उमरेड येथे १८९२ साली जन्मलेल्या जाईबाईंचा विवाह नवव्या वर्षी झाला. संसार चालविण्यासाठी त्यांनी नागपूर-कामठी दरम्यान हमाली केली. ग्रेगरी या मिशनरी बाईंनी त्यांना लिहायला-वाचायला शिकविले, शिक्षिकेची नोकरीही दिली. परंतु जात कळताच पालकांनी शाळेवर बहिष्कार घातला आणि जाईबाईंच्या डोक्यावर पुन्हा ओझे आले. तरीही १९२२ साली त्यांनी नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. १९३७ साली येथेच भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेत सुशिक्षित भगिनींनीच त्यांना जेवताना वेगळे बसविले. आज आपल्या लेकी प्राध्यापिका होऊन मूल, घर आणि अध्यापन सांभाळताना समान हक्क मागतात. जात शाबूत ठेवणारी स्त्री-समता अपुरीच असते, हे त्यांनी जाईबाईंच्या जीवनातून शिकावे.