लोहाराचा पोरगा

आमच्या चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये फॅरेडे म्हणजे पाठ करायचा एक नियम, बस्स. तो लोहाराचा पोरगा होता, हे मला इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं. जन्म १७९१. शाळा जेमतेम, चौदाव्या वर्षी बुकबाइंडरकडे कामाला. बांधायला आलेली पुस्तकंच वाचून काढली! १८१२ मध्ये डेव्हीची व्याख्यानं ऐकली, टिपणं बांधून त्यालाच पाठवली आणि १८१३ मध्ये त्याचा मदतनीस झाला. गणित शेवटपर्यंत कच्चंच. (एम-थ्रीत राहिलेल्या मला इथे जरा धीर आला.)

पण त्यानेच पाहिलं, की लेड फ्लोराइड लाल होईपर्यंत तापवलं की न वितळताच वीज वाहू देतं. आतले फ्लोराइड आयन जागा बदलत सरकतात, हे कारण पुष्कळ नंतर कळलं. आज सिरॅमिक बॅटरीत लिथियमचे आयन असेच रिकाम्या जागांतून उड्या मारत जातात. 'आयन' हा शब्दही त्यानेच १८३४ मध्ये रूढ केला. सरदारकी मात्र नाकारली. १८६७ मध्ये गेला, साधा मिस्टर फॅरेडे म्हणूनच.