डॉक्टर पीटर ब्राइस

ज्यांची शाळा मिशनची, त्या आम्हांस हें चरित्र सांगतांना संकोच वाटतो. तरी तें सांगितलें पाहिजे. ब्राइससाहेबांचा जन्म १८५३ सालीं कॅनडांत झाला. १९०४ सालीं ते तेथील आदिवासींच्या आरोग्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी झाले. क्री व इतर जमातींचीं मुलें आईबापांपासून दूर, सरकारी पैशानें चालणाऱ्या मिशनच्या निवासी शाळांत ठेवीत. १९०७ सालीं साहेबांनीं अशा ३५ शाळा पाहिल्या. कोंदट दालनें, आणि क्षयी व निरोगी मुलें एकाच ठिकाणीं! पंधरा शाळांत आलेल्या १५३७ मुलांपैकीं शेंकडा २४ मृत्यु पावलीं होतीं. त्यांनीं सुचविलेले उपाय खर्चाच्या व चर्चच्या नाराजीच्या सबबीनें बाजूस पडले. निवृत्तीनंतर १९२२ सालीं त्यांनीं ही हकीकत स्वतःच छापून प्रसिद्ध केली. १९३२ सालीं ते वारले. शाळा चालूच राहिल्या.